पेरणीच्या दिवशीची आणेवारी

पुढच्या जुलैत न्यू यॉर्क मेट्स या बेसबॉल संघाच्या नव्या खेळाडूंची गुणानुक्रमे यादी मी करणार नाही, असं आमच्या मंडळींना सांगून टाकलं आहे. त्यांना ते पटलेलं नाही. न्यू जर्सीत राहून मेट्सच्या मागे वेडी झालेली आम्ही काही माणसं, निम्मी मराठी, निम्मी बाकीची. ड्राफ्ट झाला की आठवड्याभरात माझी यादी यायची आणि तिच्यावर वाद घालण्यात उरलेला उन्हाळा जायचा. ती यादी मी मनापासून करत असे. ती बंद करण्यामागे कंटाळा नाही आणि रुसवा तर नाहीच. माझं मत बदललं आहे. ते कसं बदललं हे एकदा सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी ड्राफ्टविषयी थोडं सांगायला हवं, कारण क्रिकेट पाहत वाढलेल्या वाचकाला तो आयपीएलच्या लिलावासारखा वाटेल. लिलावात ज्याच्याकडे पैसा आहे तो बोली लावतो. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. मेजर लीगचे तीस संघ आपापल्या पाळीला एकेक नाव घेतात. ज्याचं नाव निघालं त्याने त्याच संघाशी करार करायचा, नाहीतर कॉलेजात परत जाऊन पुढच्या संधीची वाट पाहायची. १९६५ पासून हे चालू आहे. पूर्वी फेऱ्या संपता संपत नसत. १९८८ मध्ये माइक पियाझाला लॉस एंजेलिस डॉजर्सनी घेतलं ते ६२व्या फेरीत, १३९०व्या क्रमांकावर. तोच पियाझा पुढे मेट्सचा लाडका कॅचर झाला आणि हॉल ऑफ फेममधल्या त्याच्या फलकावर टोपी मेट्सची आहे. आता, २०२१ पासून, फेऱ्या वीसच असतात. म्हणजे प्रत्येक संघात दर वर्षी साधारण वीस नवी पोरं येतात आणि मेजर संघाच्या रोजच्या तुकडीत जागा असतात २६. बहुतेकांना वर जागाच नसते, हे त्या दिवशीच ठरलेलं असतं. निवडलेली पोरं मग मायनर लीगच्या पायऱ्या चढू लागतात. मेट्सच्या पायऱ्या म्हणजे फ्लोरिडातलं पोर्ट सेंट लुसी, मग ब्रुकलिनमधलं कोनी आयलंड, मग बिंगहॅम्टन, मग सिरॅक्यूज.

या वीस जणांना मी एक ते वीस असे क्रमांक देत असे. खुद्द ड्राफ्टचा क्रम असताना माझा वेगळा क्रम कशाला, असा प्रश्न नवे लोक विचारत. त्याचं उत्तर पैशात आहे. पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक क्रमांकाला एक ठरलेली रक्कम जोडलेली असते आणि त्या सगळ्यांची बेरीज ही त्या संघाची बोनसची मर्यादा. म्हणून संघ कधी एखाद्याला थोड्या पैशात राजी करतो आणि वाचलेली रक्कम कॉलेजात जायला निघालेल्या एखाद्या शाळकरी पोराला देतो. आठव्या-नवव्या फेरीत कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची पोरं घेतात, कारण त्यांच्याकडे घासाघीस करायला काही उरलेलं नसतं. तेव्हा ड्राफ्टचा क्रम म्हणजे गुणांचा क्रम नव्हे. खरा क्रम आपणच शोधून काढायचा असतो, असं मी मानत होते.

त्या मानण्यामागे विचार होता. एखाद्या खेळाडूबद्दल ‘गुणी आहे, वेळ लागेल, बघू या’ असं बोलणं फार सोपं. क्रमांक दिला की अंग चोरता येत नाही. हा त्याच्यापेक्षा सरस, असं म्हणायचं तर का, ते सांगावं लागतं आणि सांगायचं तर नीट पाहावं लागतं. नवे खेळाडू हेरणाऱ्या स्काउट लोकांची २० ते ८० ही मोजपट्टी मला त्यासाठीच आवडे. त्यात ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू. चेंडू गाठणं, ताकद, धाव, फेक, क्षेत्ररक्षण, या प्रत्येक गुणाला दोन आकडे देतात, एक आजचा आणि एक पुढचा. सतरा-अठरा वर्षांच्या पोराच्या फेकीला आज ५० आणि पुढे ६० असं लिहिलेलं वाचलं की त्या दोन आकड्यांमधली वर्षं मला दिसू लागत. यादी करता करता मी बेसबॉल शिकले. शॉर्टस्टॉपचे पाय कसे पाहायचे, चेंडू सोडताना पिचरचा हात कुठे असतो, हे कुणी शिकवलं नव्हतं. क्रम लावायचा होता म्हणून ते शिकावं लागलं. ते ऋण मी नाकारत नाही.

माझ्या विश्वासाला पहिला मोठा धक्का दिला तो पीट क्रो-आर्मस्ट्राँगने. २०२० चा ड्राफ्ट महामारीमुळे पाचच फेऱ्यांचा झाला होता. मेट्सनी १९व्या क्रमांकावर लॉस एंजेलिसच्या शाळेतला हा सेंटरफील्डर घेतला. माझ्या यादीत तो अर्थातच पहिला. त्या वर्षी मायनर लीग झालीच नाही. २०२१ मध्ये तो सहा सामने खेळला आणि त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. माझ्या सुधारलेल्या यादीत तो खाली सरकला. जुलैमध्ये मेट्सनी त्याला शिकागो कब्जला देऊन हाविएर बायेझ घेतला, तेव्हा मला तो सौदा वाजवी वाटला. सहा सामने खेळलेला, खांदा दुखावलेला, बॅटमध्ये ताकद नसलेला मुलगा, असा हिशेब मी मांडला होता. बायेझ मोसम संपताच डेट्रॉइटला गेला. क्रो-आर्मस्ट्राँगने २०२५ मध्ये ३१ होम रन मारले, ३५ बेस चोरले आणि ऑल स्टार सामना खेळला.

अंदाज चुकला, एवढंच असतं तर मी पुढच्या वेळी अधिक नीट अंदाज केला असता. त्या वेळी ठरवलंही तसंच होतं. पण मला बोचत होतं ते दुसरंच. त्या एका वर्षात तो मुलगा मी पाहिलाच नव्हता. पाहायला सामने जवळपास नव्हतेच. तरीही माझ्या यादीत तो हलला. माझ्याजवळ नवं काहीच नव्हतं आणि तरी आकडा बदलला, कारण यादीतल्या आकड्याला स्थिर राहता येत नाही. इतर जण खेळले की न खेळणारा घसरतो. त्या घसरलेल्या आकड्यावरून मी त्याची किंमत ठरवली. मी खेळाडू तोलतेय असं मला वाटत होतं. मी तोलत होते तो माझाच जुना कागद.

तरी यादी चालूच राहिली. ती थांबवली २०२३ च्या वर्गाने.

त्या वर्षी मेट्सचा पहिला क्रमांक ३२वा होता. संघाने पगारावर इतका खर्च केला होता की दंड म्हणून त्यांची पहिली पाळी दहा जागा मागे ढकलली गेली होती. तिथे त्यांना कॉलिन हाउक मिळाला. जॉर्जियातल्या शाळेचा शॉर्टस्टॉप, अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक, आणि अनेक जाणकारांच्या याद्यांत ३२च्या बराच वर. दुसऱ्या फेरीत, ५६वा, फ्लोरिडा विद्यापीठाचा पिचर ब्रँडन स्प्रोट. त्यालाच मेट्सनी आदल्या वर्षी तिसऱ्या फेरीत घेतलं होतं, पण तो करार न करता कॉलेजात परतला होता. तिसऱ्या फेरीत, ९१वा, ओक्लाहोमा स्टेटचा नोलन मॅक्लीन. हा फलंदाजीही करायचा आणि पिचिंगही, आणि मधल्या काळात क्वार्टरबॅक होण्यासाठी फुटबॉलच्या संघातही जाऊन आला होता. मी क्रम लावला हाउक, स्प्रोट, मॅक्लीन. मॅक्लीनबद्दल मी लिहिलं होतं की दोन्ही करू पाहणाऱ्याचं एकही धड होत नाही, आणि झालीच तर त्याची बॅट कामाला येईल.

२०२४ मध्ये मॅक्लीन कोनी आयलंडला ब्रुकलिन सायक्लोन्सकडून खेळत होता. समुद्राला लागून असलेलं ते मैदान मला मेट्सच्या मोठ्या मैदानापेक्षाही आवडतं. खाऱ्या वाऱ्यात उंच उडालेले चेंडू मेल्यासारखे खाली येतात आणि फलंदाज हताश होतात. मॅक्लीन फटका मारायला उभा राहिला की सगळं अंग त्या बॅटमागे घालायचा आणि फार वेळा चेंडू हुकायचा. तो उंचवट्यावर उभा राहून चेंडू टाकू लागला की मात्र दुसराच माणूस. त्याचा आडवा वळणारा स्वीपर फलंदाजाच्या छातीकडे निघून प्लेटच्या पलीकडच्या कडेला जायचा. त्याच मोसमाच्या मध्यावर त्याने बॅट खाली ठेवली. यापुढे फक्त पिचिंग, असं ठरलं.

१६ ऑगस्ट २०२५ ला तो मेट्सच्या मोठ्या मैदानावर, सिटी फील्डवर, सिएटलविरुद्ध पहिल्यांदा उतरला. पाच इनिंगहून थोडं अधिक, एकही धाव नाही, आठ स्ट्राइकआउट. एक फटका त्याने पाठीमागे हात नेऊन पकडला आणि डबल प्ले घडवला, तेव्हा मैदान उभं राहिलं होतं. कारकिर्दीतले पहिले चारही सामने जिंकणारा तो मेट्सचा पहिला पिचर ठरला. मोसमाअखेर आठ सामन्यांत पाच विजय, नऊ इनिंगमागे २.०६ धावा. दोन आठवड्यांतच जोना टाँग आला. तो २०२२ च्या सातव्या फेरीतला, २०९वा, कॅनडातल्या ओंटारिओचा. सप्टेंबरात स्प्रोट आला. मेट्स त्या वर्षी शेवटच्या दिवशी हरून प्लेऑफला मुकले, पण शेवटपर्यंत आशा जिवंत ठेवली ती या तीन पोरांनी.

मंडळींपैकी एकाने लगेच माझी जुनी यादी काढून सुधारून दिली: मॅक्लीन पहिला, स्प्रोट दुसरा, हाउक तळाला. ती पाहिली आणि माझं मन पुरतं फिरलं. कारण ती सुधारलेली यादीही मला तितकीच पोकळ वाटली.

हाउक ड्राफ्टच्या दिवशी अठरा वर्षांचा होता, मॅक्लीन बाविशीच्या उंबरठ्यावर. एकाच्या मागे शाळेचं मैदान होतं, दुसऱ्याच्या मागे कॉलेजची तीन वर्षं आणि त्याआधी एकदा ड्राफ्ट होऊन आलेला अनुभव. हाउकने २०२४ चा मोसम सेंट लुसीला धडपडत काढला, स्ट्राइकआउटवर स्ट्राइकआउट झाले. २०२५ चा उन्हाळा संपला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होत होता, म्हणजे मॅक्लीनला मेट्सनी घेतलं त्याहून लहान. त्याला ‘तळाला’ म्हणणं हे मी २०२३ मध्ये मॅक्लीनबद्दल केलं त्याहून वेगळं नाही. आधीचा क्रम खोटा आणि नंतरचा खरा, असं मला म्हणता येईना. दोन्ही क्रम एकाच गृहीतावर उभे आहेत: खेळाडूचं मोल त्याच्या आत, ठरलेलं, बसून आहे आणि आपण फक्त ते वाचायचं. ते गृहीतच आता मला मान्य नाही.

जेकब डीग्रॉमचं पाहा. २०१० मध्ये मेट्सचा पहिला क्रमांक होता मॅट हार्वी, सातवा. डीग्रॉम नवव्या फेरीत, २७२वा, बोनस ९५ हजार डॉलर. स्टेट्सन विद्यापीठात तो शॉर्टस्टॉप होता आणि शेवटच्या मोसमापर्यंत पिचिंग करत नव्हता. करारानंतर काही महिन्यांतच त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि २०११ चं अख्खं वर्ष गेलं. त्याच वर्षी पोर्ट सेंट लुसीला योहान सांताना, सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार दोनदा मिळवलेला, स्वतःच्या खांद्याच्या दुखण्यातून बरा होत होता. चेंजअप, म्हणजे फसवा संथ चेंडू, कसा धरायचा हे डीग्रॉम त्याच्याकडून शिकला. २०१८ आणि २०१९ ला डीग्रॉमने स्वतः साय यंग मिळवला. हार्वीही कमी नव्हता. २०१३ च्या ऑल स्टार सामन्यात, मेट्सच्याच मैदानावर, नॅशनल लीगचा पहिला चेंडू त्याने टाकला. मग त्याचं कोपर गेलं आणि पुढे खांदा. २०१० च्या जूनमध्ये बसून कुणी कोणता आकडा द्यायला हवा होता? डीग्रॉमच्या आकड्यात सांतानाशी होणारी भेट कुठल्या रकान्यात बसवायची? टाँगचा सर्वांत घातक चेंडू म्हणजे मधलं बोट आणि अनामिका यांच्यात धरलेला चेंजअप. तोसुद्धा तो व्यावसायिक झाल्यावर शिकलेला आहे. त्याच्याकडे जे नव्हतंच त्याला मी २०२२ मध्ये किती गुण देणार होते?

आमच्याकडे पिकाची आणेवारी उभ्या पिकावर काढतात. पेरणीच्या दिवशी तलाठ्याने येऊन शेताला आकडा दिला तर शेतकरी त्याला पाणी देऊन परत पाठवील. पाऊस व्हायचा आहे, खत पडायचं आहे, कीड येते की नाही ते कळायचं आहे. मी दर वर्षी ती आणेवारी काढत होते.

आमच्यातल्या एका जाणत्या मित्राचा आक्षेप मला गंभीर वाटतो. तो म्हणतो, पहिल्या फेरीतले बरेचसे कधी ना कधी मेजरला पोचतात आणि विसाव्या फेरीतले फार थोडे. म्हणजे क्रमात काहीतरी खरं आहेच. शिवाय क्लब क्रम लावल्याशिवाय निवड करील कशी? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. स्काउट लोकांचं काम मी कमी लेखत नाही. हायवेवरच्या मोटेलांत राहून शाळांच्या मैदानांवर उभं राहणाऱ्या त्या माणसांशिवाय हा खेळच उभा राहणार नाही. पण ज्याला निवडायचं आहे त्याला क्रम लागतो. पाळी आली की एकच नाव घ्यायचं असतं आणि पैसा मोजका असतो. त्यांचाही क्रम किती नाजूक असतो ते २००९ मध्ये दिसलं. लॉस एंजेलिस एंजल्सकडे लागोपाठ दोन पाळ्या होत्या. २४व्या क्रमांकावर त्यांनी रँडल ग्रिचक घेतला आणि २५व्या क्रमांकावर माइक ट्राउट. ट्राउट पुढे तीनदा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू, झाला. क्लबला ती जोखीम घ्यावीच लागते. मला कुणाला निवडायचं नाही. ती वीसही पोरं आमचीच झालेली आहेत. निवड संपल्यावर पुन्हा निवड करत बसण्याची गरज मला नाही, आणि ती नसणं हा पाहणाऱ्याचा मोठा अधिकार आहे असं मी आता मानते. इतकी वर्षं तो मी वापरला नव्हता.

आणखी एक गोष्ट, जी मला आधी दिसत नव्हती. क्रमांक दिला की नजर वर जाते. पहिल्या पाचांच्या बातम्या मी रोज वाचायचे, पंधराव्याची महिन्यातून एकदा. टाँगचं नाव २०२२ च्या यादीत खाली होतं, आणि त्या उन्हाळ्यात आमचा सगळा वाद केव्हिन पराडा की जेट विल्यम्स एवढ्यावरच चालला होता. पहिल्या फेरीतले दोघे, अकरावा आणि चौदावा. टाँगचा हात थेट डोक्यावरून येतो, पाहताच लक्षात राहावा असा, आणि तो मी पाहिला फार उशिरा. क्रम लावायला नीट पाहावं लागतं, हे खरंच होतं. पण लावून झाल्यावर तोच क्रम पाहणं थांबवत होता.

मग पुढच्या जुलैत काय? वही असेल. वीसही नावं असतील, आडनावांच्या अकारविल्हे क्रमाने. प्रत्येकापुढे मी तीन गोष्टी लिहिणार आहे: आज त्याच्यात नजरेत भरणारं काय आहे, वर जायचं तर त्याच्यात कोणता बदल व्हावा लागेल, आणि तो बदल घडायला त्याला काय मिळायला हवं. २०२५ च्या पहिल्या निवडीपासून हे सुरूही केलं आहे. मिच व्हॉइट, ३८वा, मिशिगन विद्यापीठ. हाही पूर्वी पिचिंग करायचा आणि नंतर फलंदाजीवरच राहिला, मॅक्लीनच्या नेमका उलट. त्याच्यापुढे मी आकडा टाकलेला नाही. कोनी आयलंडच्या वाऱ्यात त्याची ताकद टिकेल का, एवढा प्रश्न लिहून ठेवला आहे. आणि हाउकचं पान मी नव्याने उघडलं आहे. स्ट्राइकआउट कमी होतात का, ते पाहायचं आहे.

मंडळींना एकच विनंती. पुढच्या ड्राफ्टला विसाव्या फेरीपर्यंत जागे राहा, शेवटचं नावही वाचा, आणि उन्हाळ्यात एकदा तरी ब्रुकलिनला माझ्याबरोबर चला. पहिला कोण, हे मात्र मला तीन वर्षं विचारू नका.